५८ मुलांचा ग्रुप आणि एकटी लिहिणारी मुलगी

ताई, सप्रेम नमस्कार.
मी कोपरखैरण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इतिहास-भूगोल शिकवते. वर्गात ५८ मुलं. ‘मुलांनी एकत्र शिकायला हवं, आणि तेही डिजिटल,’ असं हेडसरांनी जूनमध्येच सांगितलं, म्हणून मी वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मुलं चर्चा करतील, एकमेकांना मदत करतील असं वाटलं होतं. होतं असं, की मी प्रश्न टाकला की एकच मुलगी उत्तर लिहून वहीचा फोटो टाकते आणि बाकीचे ते उतरवून काढतात. मधेच कोणाचे बाबा सुविचार पाठवतात, रात्री साडेअकराला कोणाची आई ‘उद्या युनिफॉर्म की पीटीचा ड्रेस’ विचारते. मागच्या महिन्यात दोन पालकांचं ग्रुपवरच वाजलं. आमच्याकडचे एक तरुण सर म्हणतात, विकी करा. हेडसर म्हणतात, विकिपीडियावर कोणीही काहीही लिहितं, ते मुलांच्या हाती द्यायचं नाही. मुलं म्हणतात, बाई, इन्स्टाला पेज काढूया. निम्म्या मुलांकडे स्वतःचा फोन नाही, हेही सांगते. काय करू?
— एक शिक्षिका, कोपरखैरणे

प्रिय बाई,

ग्रुप बंद करू नका, पण त्यावर मुलं शिकतील ही आशा आजच सोडा. व्हॉट्सॲप निरोपासाठी आहे. उद्या चाचणी, सहलीचे पैसे शुक्रवारपर्यंत, एवढं काम ते चोख करतं. पण तिथे टाकलेलं उत्तर तासाभरात वर सरकून दिसेनासं होतं. त्यात चूक निघाली तर दुसऱ्याला ती दुरुस्त करता येत नाही, लिहिणाऱ्यालाही पंधरा मिनिटांनंतर हात लावता येत नाही. मग खाली दुसरा मेसेज येतो, त्याखाली तिसरा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं नेमका पहिला, चुकीचाच फोटो शोधून काढतात. मिळून लिहायचं तर कालचं वाक्य आज सुधारता यायला हवं, आणि ते दुसऱ्याला सुधारता यायला हवं. ग्रुपवर नेमकं तेच होत नाही.

तेव्हा आज संध्याकाळीच सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे चालू करा. सुविचार थांबतील, भांडणंही थांबतील. आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला खटकली. ५८ मुलांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक मुलीचा किंवा तिच्या आईचा नंबर उरलेल्या ५७ घरांत उघडा पडतो. त्यापेक्षा कम्युनिटी करून तिचा घोषणांचा ग्रुप वापरा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे.

आता विकी. हेडसरांचा विरोध विकिपीडियाला आहे, आणि तुमचे तरुण सर बहुधा विकिपीडियाबद्दल बोलतच नाहीयेत. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं पहिली विकी मार्च १९९५ मध्ये सुरू केली, ती प्रोग्रॅमर मंडळींना आपापले अनुभव एका जागी लिहिता यावेत म्हणून. विकिपीडिया २००१ चा, मराठी विकिपीडिया २००३ चा. म्हणजे विकी ही एक पद्धत आहे: पान सगळ्यांचं, कोणीही दुरुस्त करावं, आणि कोणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहावी. अशी पानं तुमच्या वर्गापुरती, कुलूपबंद, बाहेरच्या कोणालाही न दिसणारी करता येतात. ‘कोणीही’ म्हणजे मग तुमचीच ५८ मुलं.

हेडसर तरीही अडले तर त्यांना ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकानं २००५ साली केलेली तुलना सांगा. विकिपीडिया आणि ब्रिटानिका विश्वकोश यांतले विज्ञानविषयक ४२ लेख त्यांनी तज्ज्ञांना तपासायला दिले. लेखामागे सरासरी चुका निघाल्या विकिपीडियात चार आणि ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकानं यावर जोरदार आक्षेप घेतला, तोही सांगा. एकच बाजू सांगणं बरं नव्हे. पण हेडसरांच्या मनातला मुद्दा मी पूर्ण उडवून लावणार नाही. इंग्रजी विकिपीडियावर लाखो डोळे असतात, मराठीवर फार कमी. तिथली एखादी चूक वर्षानुवर्षं तशीच बसून राहू शकते. मुलांनी तिथून उतरवून काढू नये, हे सरांचं म्हणणं बरोबरच आहे.

माझं खरं म्हणणं साधनाबद्दल नाहीच, विषयाबद्दल आहे. तुमच्या ग्रुपवर ती एकटी मुलगी उत्तर लिहिते, कारण उत्तर एकटीला लिहिता येण्यासारखं आहे. पाठ्यपुस्तकात आहे, गाइडमध्ये आहे, गूगलवर आहे. असा प्रश्न विकीवर टाकलात तर विकी ही कॉपीची नवी जागा होईल, एवढंच. मुलांनी एकमेकांकडे वळावं असं वाटत असेल तर प्रश्नच असा हवा, की त्याचं पूर्ण उत्तर वर्गातल्या एकाही मुलाकडे नाही, पण वर्गाकडे मिळून आहे.

आणि बाई, कोपरखैरण्यात बसून तुम्हाला असा विषय शोधायला कुठे जायला नको! नववीचा इतिहास स्वातंत्र्योत्तर भारताचा आहे. तुमचं शहर त्याच काळात घडलं. मार्च १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी नेमली गेली. त्या गावांतल्या आगरी-कोळी घरांतली नातवंडं तुमच्या वर्गात असणार. मुंबईचे घाऊक बाजार वाशीला आले तेव्हा त्यांच्यामागोमाग आलेल्या माथाडी कुटुंबांची मुलं असणार, साताऱ्या-सांगलीकडचं आडनाव लावणारी. आणि सेक्टरमधल्या इमारतीत वाढलेली, गावठाण म्हणजे काय हेही नीट माहीत नसलेली मुलंही असणार. पहिल्याच्या आजीला भातशेती आणि मिठागरं आठवतात, दुसऱ्याच्या आजोबांना मशीद बंदर आणि १९६९ चा माथाडी कायदा, तिसऱ्याच्या आईला नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला तो दिवस. ‘आमचं कोपरखैरणं कसं घडलं’ हा विषय द्या. गूगलवर याचं सांगाडाभर उत्तर मिळेल. त्यावरचं मांस या तीन घरांतून येईल. चॅटजीपीटीलाही तुमच्या वर्गातल्या पोराची आजी ठाऊक नाही.

ही कल्पना माझी नाही. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती आणि वर्गात तणाव होता. इलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञानं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. ज्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच्याकडचा तुकडा हवा म्हणून मुलं त्याचं ऐकू लागली. ‘जिगसॉ’ म्हणतात या पद्धतीला. ॲरनसनला तुकडे मुद्दाम करावे लागले. तुमच्या वर्गात ते आधीच झालेले आहेत.

पाच-पाच जणांचे गट करा, दोन गटांत चार-चार येतील, म्हणजे १२ पानं झाली: गावठाण, खाडी आणि मासेमारी, बाजारपेठ, रेल्वे, शाळा, जत्रा-देवस्थानं, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, असं काहीही. गट करताना मैत्रीवर सोडू नका. प्रत्येक गटात तिन्ही प्रकारच्या घरांतलं निदान एक मूल येईल असं तुम्हीच बसवा. आणि गट पाचाहून मोठा नको. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्यानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं: माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी पडत जातो. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेचंच घ्या ना, ऐंशी फ्लॅट, बोलणारे चार आणि राबणारा सेक्रेटरी एक.

यापुढचा भाग सगळ्यात अवघड आहे आणि तरुण सर तो बहुधा सांगणार नाहीत, कारण त्यांना तो सोपा वाटतो. मुलं स्वतःचं लिहितील. दुसऱ्याच्या लिखाणाला हात लावणार नाहीत. वर्गात विकी वापरणाऱ्या अनेक शिक्षकांना हाच अनुभव आला आहे, आणि आपल्याकडे तर तो जास्तच येणार. दुसऱ्याच्या वहीत पेन चालवायचं नाही, हे आपण पहिलीपासून शिकवतो. त्यात ज्याचं वाक्य खोडलं तो रुसतो, मधल्या सुट्टीत ‘माझंच का खोडलंस’ असं होतं. परिणाम असा, की पानावर पाच जणांचे पाच परिच्छेद एकाखाली एक उभे राहतात, कोणी कोणाचं वाचलेलं नसतं, आणि त्याला आपण गटकार्य म्हणतो.

ही भीड मोडायला मला एक युक्ती फार आवडते. पहिल्या तासाला कोणी टाइप करायचंच नाही. एका मुलानं मराठी व्हॉइस टायपिंग चालू करून आजीनं सांगितलेली गोष्ट बोलून काढायची. जे उमटेल त्यात विरामचिन्हं जवळजवळ नसतील, ‘खाडी’चं ‘गाडी’ झालेलं असेल, ‘घणसोली’चं भलतंच काही. मग पान दुसऱ्याकडे द्यायचं आणि त्यानं ते साफ करायचं. चुका यंत्राच्या असतात, त्यामुळे दुरुस्तीचा राग कोणाला येत नाही, आणि दुसऱ्याच्या मजकुरात हात घालायची सवय होऊन जाते. शिवाय मराठी टायपिंग येत नाही म्हणून मागे बसणारी मुलं पहिल्याच दिवशी पानावर येतात.

दुसऱ्या आठवड्यापासून खऱ्या दुरुस्त्या. त्या कशा व्हाव्यात ते रेल्वेच्या पानावर दाखवते. समजा एकानं लिहिलं, ‘आमच्याकडे रेल्वे आली त्यामुळे लोकांची खूप सोय झाली.’ निबंधातलं वाक्य, त्यातून काहीच कळत नाही. दुसरी येऊन त्यात भर घालते, ‘१९९२ मध्ये रेल्वे आली.’ तिसरा ते खोडून ‘२००४’ करतो. दुसरी पुन्हा १९९२ करते. इथे तुम्ही मधे पडायचं नाही, फक्त वर्गाचा एक नियम आधीच ठरवून ठेवायचा: दुसऱ्याची दुरुस्ती एकदा उलटवली, म्हणजे पुसून आधीचं परत आणलं, की दुसऱ्यांदा उलटवण्याआधी चर्चेत, म्हणजे पानाच्या कडेला कॉमेंटमध्ये, लिहायचं. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनदा उलटवण्यापर्यंत मुभा आहे. वर्गासाठी एकदा पुरे. मग चर्चेत येतं: ‘माझी आत्या १९९५ ला वाशीहून लोकलनं सीएसटीला कामाला जायची, मग २००४ कसं?’ त्याखाली: ‘पण आमचे बाबा म्हणतात तेव्हा ठाण्याला जायला बसच होती.’ दोघंही बरोबर आहेत! मानखुर्दहून वाशीला लोकल आली ती मे १९९२ मध्ये. कोपरखैरण्यावरून जाणारा ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला २००४ मध्ये. हे त्यांचं त्यांना उलगडू द्या. शेवटी पानावर जी दोन वाक्यं उरतील ती पाठ्यपुस्तकाच्या तोडीची असतील, आणि ‘आमच्याकडे’ म्हणजे नक्की कुठे, हा प्रश्न त्या पोरांनी स्वतः विचारलेला असेल. तुम्ही लगेच लाल पेन काढून ‘दोन्ही बरोबर’ लिहून टाकलंत तर सगळी मजा गेली. शिक्षकानं पानावर एक अक्षर टाकलं की मुलं हात आखडतात, त्यामुळे तुम्ही फक्त चर्चेत जा आणि फक्त प्रश्न विचारा. ‘हे कोणी सांगितलं?’ आणि ‘कोणत्या वर्षी?’ हे दोन प्रश्न तीन महिने पुरतात.

जमिनीच्या पानावर जरा जपून. एक मुलगा लिहील, ‘शेतकऱ्यांना जमिनीचा मोबदला मिळाला.’ दुसरा ते पुसून लिहील, ‘आमच्या पणजोबांची फसवणूक झाली.’ जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात उरणजवळच्या जासईच्या भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतरच्या काळात प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. हे काही घरांत रोजचं बोलणं आहे, काही घरांत कोणी ऐकलेलंही नाही. इथे विकिपीडियाची एक चांगली शिस्त उसनी घ्या: पानानं निकाल द्यायचा नाही, कोण काय म्हणतं ते नावानिशी लिहायचं. ‘सिडकोच्या म्हणण्यानुसार’, ‘गावातल्या दोन ज्येष्ठांनी सांगितलं की’. पालकांपैकी कोणी चिडून आलं तर त्यांनाच सांगा, तुमची बाजू पानावर नसेल तर मुलाकडे सांगून पाठवा. ग्रुपवर जे दोन पालक भांडले, ते इथे कदाचित उपयोगी पडतील.

गुणांचं आता ठरवून टाका, नाहीतर ती मुलगी इथेही एकटीच लिहील. पूर्ण पानाला मिळून गुण देऊ नका. अंतर्गत मूल्यमापनाचे समजा दहा धरले, तर मी तीन स्वतःच्या लिखाणाला देईन, चार दुसऱ्याच्या मजकुरात केलेल्या दुरुस्तीला आणि तीन चर्चेतल्या प्रश्नांना. मुलं हुशार असतात. चार गुणांसाठी स्वल्पविराम इकडचे तिकडे करतील. म्हणून ५८ जणांच्या सगळ्या नोंदी तपासत बसू नका, तेवढा वेळ कोणाला आहे? प्रत्येकाला सांगा, तू केलेल्या दोन उत्तम दुरुस्त्या निवड आणि त्या का केल्यास ते मला दोन मिनिटांत तोंडी सांग. स्वल्पविरामवाला तिथेच सापडतो. कोणी एका फटक्यात चारशे शब्द चिकटवले असतील तर तेही पानाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये वेळेसकट दिसतं, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं पान उगवलं असेल तर तेही.

आणि त्या मुलीला पहिले दोन आठवडे काहीही लिहू देऊ नका. तिनं फक्त इतर गटांच्या पानांवर प्रश्न विचारायचे. तिला हे आवडणार नाही, कदाचित तिच्या आईलाही नाही. पण तिला उत्तरं लिहिता येतात हे तुम्हाला आणि तिला दोघींनाही माहीतच आहे.

फोनचा प्रश्न खरा आहे. घरात एकच फोन आणि तो बाबांबरोबर रात्रीपाळीला गेलेला, अशी घरं तुमच्याकडे असणारच. म्हणून घरी करायचं काम ऑफलाइन ठेवा: आजीशी बोलणं, जुना फोटो शोधणं, वहीत चार ओळी टिपणं. टायपिंग आणि दुरुस्ती शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्येच, आठवड्याला एक तास. लॅबमध्ये निम्मी मशीनं बंद असली तर दोघांत एक बसवा, पण आळीपाळीनं लॉगिन करायला लावा, नाहीतर सगळी दुरुस्ती एकाच्याच नावावर पडते.

साधन कोणतं, यावर फार डोकं घालवू नका. गूगलची शाळांसाठीची मूळ सेवा पात्र शाळांना मोफत मिळते. तीत प्रत्येक मुलाला शाळेचं खातं द्या, प्रत्येक पानासाठी एक गूगल डॉक, आणि सगळ्यांच्या लिंक असलेलं एक अनुक्रमणिकेचं डॉक. कोणाचा बदल कुठला, हे जुन्या आवृत्त्यांमध्ये रंगानुसार दिसतं. चर्चेसाठी कॉमेंट आहेतच. ‘लिंक असलेला कोणीही एडिट करू शकेल’ हा पर्याय मात्र निवडू नका. लॉगिन न केलेला माणूस तिथे निनावी प्राण्याच्या नावानं उगवतो आणि मग कोणत्या उंदरानं काय खाल्लं ते कळत नाही. मूडल या शिकवण्यासाठीच्या ऑनलाइन प्रणालीत खरीखुरी विकी असते, तेही मोफत आहे, पण सर्व्हर सांभाळणारं कोणी हवं. तरुण सर तयार असतील तर बघा. ते बदली होऊन गेल्यावर काय, तेही बघा.

मराठी विकिपीडियावर जायचंच असेल तर दुसऱ्या सत्रात, आणि इच्छुक सात-आठ मुलांनाच घेऊन. साऱ्या वर्गाला गुणांसाठी तिथे ढकलू नका. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं पुण्यातल्या काही महाविद्यालयांत असा प्रयोग केला होता, इंग्रजी विकिपीडियावर. विद्यार्थ्यांनी पुस्तकांतला आणि वेबसाइटवरचा मजकूर धडाधड चिकटवला, जुन्या स्वयंसेवकांना तो शोधून काढता काढता नाकी नऊ आले आणि शेवटी प्रयोग गुंडाळावा लागला. तुमच्या मुलांनी आधी स्वतःच्या शब्दांत लिहायची सवय केलेली असेल तर ही वेळ येणार नाही. तिथे सरावासाठी ‘धूळपाटी’ असते, प्रश्न विचारायला ‘चावडी’ असते. खातं काढताना खरं नाव देऊ नये, ईमेल देणं सक्तीचं नाही. आणि लॅबमध्ये बसून खाती काढणार असाल तर लक्षात ठेवा, एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. सातव्या मुलाला एरर आली की तो बिचारा घाबरतो, आपण काहीतरी मोडलं म्हणून. आजीच्या आठवणी मात्र तिथे चालत नाहीत, प्रकाशित झालेला, खात्रीचा संदर्भ लागतो. त्या वर्गाच्या पानावरच राहू द्या. त्यांची जागा तीच.

पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक ठरतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यावी, असं तो कायदा सांगतो. डायरीत चिकटवायची एक चिठ्ठी करा: काय लिहिणार, कुठे दिसणार, कोणाला दिसणार. सही आणायला दोन दिवस द्या, म्हणजे चार दिवसांत येईल.

इन्स्टाचं पेज नको. इन्स्टाला वयाची अट १३ वर्षांची आहे, म्हणजे नववीच्या मुलांना नियमानं अडचण नाही. माझी हरकत वेगळी आहे. तिथे दुरुस्तीला जागा नाही, लाइकला आहे. रेल्वेच्या पानावरचा तो १९९२-२००४ चा वाद तिथे झाला असता तर दोन्ही बाजूंनी इमोजी पडल्या असत्या आणि विषय संपला असता. मुलांना काही दाखवायचंच असेल तर स्नेहसंमेलनात एक भिंत द्या, जुने फोटो आणि पानांचे प्रिंट लावायला. आज्या येतील बघायला, आणि त्या चुका काढतील, त्या टिपून घ्यायला एक वही ठेवा तिथे.

शेवटचं, कारण हे लोक विसरतात. वर्गातल्या विकींसाठी जगभर वापरली जाणारी विकीस्पेसेस ही सेवा २०१८ मध्ये बंद पडली. शिक्षकांचं आवडतं एडमोडो, वर्गासाठीचं ऑनलाइन व्यासपीठ, २०२२ मध्ये. ज्यांनी प्रती काढून ठेवल्या नव्हत्या त्यांची वर्षांची कामं गेली. एप्रिलमध्ये निकालाच्या गडबडीआधी सगळ्या पानांची पीडीएफ काढा, चर्चेचीही प्रत ठेवा. एक प्रत शाळेच्या कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर, एक प्रिंट काढून शाळेच्या ग्रंथालयात. पुढच्या वर्षीच्या नववीला तीच पानं द्या आणि सांगा, यातल्या चुका शोधा.

तुमची,
ताई